मोजता न येणारं नाम

सलाटवाड्यातला क्लास, दुसरा मजला,
नर्सिंगला जाणाऱ्या अकरा मुली आणि एक केतुल.
धडा सातवा. फळ्यावर लिहिलं: रिमोर्स.
शेवटची ई लिहायची, म्हटलं, बोलायची नाही.

हिरल म्हणाली, सर, सॉरीचंच मोठं रूप ना?
नाही. सॉरी दुसऱ्याला देता येतं,
हे आपल्याजवळच राहतं.
मूळ लॅटिन. मोर्देरे म्हणजे चावणं,
रि म्हणजे पुन्हा.
पुन्हा चावणं? केतुल म्हणाला. मगर, सर?
सगळा वर्ग हसला. बडोद्यात
चावण्याचं निघालं की विश्वामित्री आलीच.
मीही हसलो.
सांगायला हवं होतं की मगरीला चावून खाता येत नाही.
ती फाडते, गिळते,
मग काठावर ऊन खात पडते, जबडा उघडा टाकून.
तेच तेच चघळत बसणं
तिच्या जातीत नाही.

समाला आमच्या खालच्या खोलीत कपिलाबेन राहायच्या.
शिलाई मशीन, दोन ट्यूबलाइट,
खिळ्याला दोऱ्याने टांगलेली मापांची वही.
आजव्याचं पाणी सोडलं त्या रात्री
जिन्यात उभ्या राहून त्यांनी विचारलं,
मशीन वर चढवूया का, भाई?
दोघं असलो तर उचलेल.
मी जेवत होतो. कढी गार होत होती.
म्हटलं, सत्तावीस वर्षं राहतोय,
इथवर नाही येत पाणी. झोपा निवांत.

पहाटे तीनला आलं.

कपिलाबेन वाचल्या, मीच हात देऊन वर घेतलं.
हे वाक्य मी नेहमी आधी सांगतो.
मशीन तीन दिवस पाण्यात होतं.
टेप तेवढी वाचली, गळ्यात होती म्हणून.
वही उघडली तर अख्ख्या सोसायटीची
छाती, कंबर, बाही, गळा
सगळं मिळून एकच निळं पान.
बाई म्हणाल्या, तमारो वांक नथी, भाई.
वांक. आपल्या वाकण्याचाच भाऊबंद असणार.
मी तेव्हा वाकून चिखल उपसत होतो,
वर पाहिलं नाही.

मराठीत माझी सोय आहे.
चूक झाली, जशी संध्याकाळ होते.
राहून गेलं. ध्यानात आलं नाही.
कर्ता शोधायला जावं तर वाक्यात कुणीच नाही,
ताटात फक्त कढी.
पण याच भाषेत आई म्हणायची,
आधी स्वतःला बोल लाव, मग जगाला.
आपण काय काय लावतो:
दिवा लावतो, मलम लावतो, कडी लावतो, आग लावतो.
बोल यातल्या कशासारखा लावायचा
ते विचारायचं राहून गेलं.
बघा, पुन्हा राहूनच गेलं.

वाक्यात उपयोग करा, म्हटलं.
सगळ्यांची वाक्यं चोराची, खुन्याची, कोर्टाची,
गाइडात असतात तशी.
चोराला अजिबात रिमोर्स नव्हता.
आरोपीच्या चेहऱ्यावर रिमोर्स दिसला नाही.
बारा वह्या तपासल्या,
एकही वाक्य ‘मी’ने सुरू होत नव्हतं.
लाल पेन हातात होतं. काही लिहिलं नाही.
मीही तसंच शिकवलेलं.

कपिलाबेन आता आणंदला, मुलीकडे.
उत्तरायणला फोन करतात,
वरच्या गच्चीवर पतंग किती पडले विचारतात.
आता शिवत नाही, म्हणतात, डोळे.
डोळे त्यांचे ठणठणीत होते.
मी म्हणतो, हो, वय झालं की डोळे जातात.

हिरलच्या वहीत शब्दाच्या शेवटी एस लागलेला.
तो खोडला. याचं अनेकवचन होत नाही, सांगितलं,
हे मोजता न येणारं नाम.
थोडं म्हणता येतं, खूप म्हणता येतं,
एक, दोन, तीन म्हणता येत नाही.
पाण्यासारखं, ती म्हणाली.
हो, म्हटलं,
आणि किती वाजले ते पाहिलं.